कोल्ड एअर इनटेक पावसाळ्यात काढून ठेवू का?

"नमस्कार काका,

मी डोंबिवलीला राहतो, नोकरी महापेला. माझी सेकंड हँड हॅचबॅक आहे, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलेंडर. मार्चमध्ये तिला कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला बाहेरची गार हवा देणारा पाइप आणि फिल्टर, बसवला. कंपनीचा एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) काढून पाइप खाली नेलाय आणि फिल्टर डाव्या फॉग लॅम्पच्या मागे बंपरमध्ये आहे. आवाज छान येतो, गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते. बाबा म्हणतात, पावसाचं पाणी इंजिनात जाईल, काढून टाक. ज्याने बसवला तो म्हणतो, रेन कव्हर घाल, काही होत नाही. मी रोज कल्याण-शीळ रस्त्याने जातो. गणपतीला आईबाबांना घेऊन चिपळूणला जायचं असतं. गाडी कधी कधी बाबाही चालवतात. नुसत्या पावसाने इंजिन खरंच खराब होतं का? आणि काढायचा असेल तर चार महिने, की फक्त जोराचा पाऊस असेल तेव्हा?

– एक वाचक, डोंबिवली"

काढ. पहिला पाऊस पडायच्या आत काढ आणि पाऊस पूर्ण उघडल्यावरच पुन्हा लाव. एवढ्या आवडीने बसवलेली वस्तू काढायला मन घेत नाही, हे मला कळतं. म्हणून नुसतं 'काढ' म्हणून थांबत नाही, कारण नीट सांगतो.

बाबांचा निष्कर्ष बरोबर आहे, पण त्यांची भीती थोडी चुकीच्या जागी आहे. वरून पडणाऱ्या पावसाने तुझं इंजिन बंद पडण्याची शक्यता फार कमी. धोका आहे तो रस्त्यावर साचलेल्या पाण्याचा. बसवणाऱ्याचं म्हणणं पहिल्या पाण्यापुरतं खरं आहे, दुसऱ्याबद्दल तो तुला काहीच सांगत नाही.

कंपनीचा एअरबॉक्स कुठे श्वास घेतो ते बॉनेट उघडून एकदा बघ. बहुतेक गाड्यांमध्ये त्याचं तोंड रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, बॉनेटच्या कडेखाली असतं, म्हणजे गाडीच्या पुढच्या भागात जेवढं उंच नेता येईल तेवढं. आत आलेलं थोडंफार पाणी खाली बसावं म्हणून बॉक्सला तळ असतो, बहुतेकांना तळाशी बारीक भोकही असतं. त्या काळ्या प्लास्टिकच्या डब्याला लोक नावं ठेवतात, पण त्याची जागा इंजिनिअरांनी पावसाचा आणि पाण्यातून जाण्याचा विचार करून ठरवलेली असते. कोल्ड एअर इनटेक याच्या बरोबर उलट करतो. इंजिनाच्या उष्णतेपासून लांबची गार हवा मिळावी म्हणून तो तोंड खाली बंपरमध्ये किंवा मडगार्डच्या आत नेतो. त्याचा जो काही फायदा आहे तो या जागेमुळे, आणि धोकाही याच जागेमुळे. त्यामुळे फिल्टर महागडा आहे की साधा, नामांकित कंपनीचा आहे की बिननावाचा, याने या प्रश्नात काही फरक पडत नाही.

आता मेजरिंग टेप घे. गाडी सपाट जागी उभी कर, आत तिघांना बसव, डिकीत सामान टाक आणि फिल्टरच्या खालच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोज. रिकाम्या गाडीची उंची मोजून उपयोग नाही, गणपतीला जाताना गाडी खाली बसलेली असते. तुझ्या आकाराच्या हॅचबॅकचं चाक साधारण ६० सेंमी उंच असतं, म्हणजे चाकाचा मध्य जमिनीपासून ३० सेंमीवर येतो. फॉग लॅम्पच्या मागे असलेल्या फिल्टरची खालची कड बहुतेक वेळा याच्या आसपास किंवा याहूनही खाली निघते. तुझा आकडा किती येतो तो लिहून ठेव.

पाणी आत गेलं तर होतं काय? इंजेक्शनच्या रिकाम्या सिरिंजचं टोक बोटाने दाबून दट्ट्या लोटला तर तो बराच आत जातो, कारण हवा दबते. तीच सिरिंज पाण्याने भरून लोट, दट्ट्या हलणार नाही. इंजिनात नेमकं हेच होतं. तुझ्या इंजिनात एका सिलेंडरचं आकारमान साधारण ३०० सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन तळाशी असतानाची जागा आणि अगदी वर असतानाची जागा यांचं प्रमाण, ११ला १ धरला, तर पिस्टन अगदी वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा सुमारे ३० सीसी. म्हणजे एका सिलेंडरमध्ये ३० मिलीहून जास्त पाणी गेलं, दोन मोठे चमचे फक्त, की पिस्टनला वर जायला जागाच राहत नाही. त्या क्षणी व्हॉल्व्ह बंद असतात, पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. बाकीचे तीन सिलेंडर आणि फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) मात्र फिरत असतात, ते त्या पिस्टनला वर रेटतात. अशा वेळी वाकतो तो कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालून धरणारा दांडा. याला हायड्रोलॉक म्हणतात. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त, म्हणून उरणारी जागा आणखी कमी, आणि नुकसान आणखी मोठं.

आणि ३० मिली आत जायला वेळ किती लागतो? १.२ लिटरचं इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना, मिनिटाला सुमारे १२०० लिटर हवा ओढतं, म्हणजे सेकंदाला २० लिटर. अर्ध्या ॲक्सिलरेटरवर हे प्रमाण उतरतं, तरी फिल्टर पूर्ण बुडाला तर ओढायला हवाच उरत नाही, पाणीच उरतं. काय झालं हे कळायच्या आत गाडी बंद पडलेली असते.

आता तुझा मूळ प्रश्न, नुसत्या पावसाचा. फिल्टरचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग कमी असतो, त्यामुळे मोठे थेंब बाहेरच गळून पडतात. बारीक तुषार आत गेले तरी गरम इंजिनात त्यांची वाफ होते. थोड्या पाण्याने इंजिनाचं काही बिघडत नाही. उलट दुसऱ्या महायुद्धातल्या काही लढाऊ विमानांच्या इंजिनात मुद्दाम पाण्याची फवारणी करत, आणि बीएमडब्ल्यूच्या एम४ जीटीएस या गाडीत ही सोय कारखान्यातूनच दिलेली होती. म्हणून पावसात इनटेक ओला झाला या विचाराने झोप उडवू नकोस.

तरी लहानसहान त्रास होतातच. हायवेवर ट्रकच्या मागे राहिलास की चाकांनी उडवलेलं पाणी सरळ बंपरच्या जाळीवर येतं, आणि कोकणच्या रस्त्यावर त्यात लाल माती असते. कापसाच्या फिल्टरवर हा चिखल बसला की हवा अडते, गाडी ओढत नाही. इनटेक बसवताना चाकाच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर कापलं किंवा काढून टाकलं असेल, तर तुझ्याच चाकाचं पाणी फिल्टरवर मारा करतं. हे मात्र आजच वाकून बघ, कारण हे काम बरेच जण सांगत नाहीत. तुझ्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असेल तर त्याच्या तापलेल्या तारेवर पाण्याचे थेंब किंवा फिल्टरचं जास्तीचं तेल बसून तो चुकीचं माप देतो. मग गाडी झटके घेते, चेक इंजिनचा दिवा लागतो. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. रॉड वाकणं मात्र तसं नाही.

रेन कव्हर म्हणजे फिल्टरवर घालायची पाणी झटकणाऱ्या कापडाची टोपी. तुषार आणि शिंतोडे अडवायला ती चांगली, माझा तिला विरोध नाही. पण तिच्यातून हवा जाते, म्हणजे ती बुडाली की पाणीही जाणार. ज्या संकटाची तुला भीती आहे त्यात तिचा काही उपयोग नाही. बाजारात बायपास व्हॉल्व्हही मिळतो. तो पाइपमध्ये वर बसवतात, आणि खालचा फिल्टर बुडून ओढ वाढली की तो उघडून वरची हवा घेतो. कल्पना चांगली आहे, पण तो स्वतः पाण्याच्या वर असायला हवा, तुझ्या पाइपच्या मापाचा हवा आणि वेळेवर उघडायला हवा. टर्बो गाड्यांना तर तो चालतच नाही. एका रबर-फोमच्या भागावर इंजिन सोपवायला मी तुला सांगणार नाही.

आणि एवढी जोखीम कशासाठी घ्यायची? हवेचं तापमान १० अंशांनी उतरलं की ती सुमारे ३ टक्क्यांनी दाट होते. पण कंपनीचा एअरबॉक्सही पुढूनच बाहेरची हवा घेत होता, त्यामुळे तुला मिळालेला फरक त्याहून कमीच. तोही जाणवतो इंजिन वरच्या फेऱ्यांवर ओढत असताना. धो धो पावसात, ओल्या रस्त्यावर, पुढची गाडी धूसर दिसत असताना तू ती ताकद वापरणारच नाहीस, वापरूही नयेस. आवाज मात्र खरा आहे. बॉक्समधले आवाज गिळणारे कप्पे गेले की इंजिन मोकळेपणाने बोलतं, आणि गाडी मोकळी झाल्यासारखी वाटण्यात त्याचा वाटा मोठा असतो. तो आनंद नोव्हेंबर ते मे तुझाच आहे.

कदाचित तू म्हणशील, फूटभर पाण्यात मी गाडी घालणारच नाही, मग काढायचं कशाला? अडचण ही की रस्त्यावर दिसणारी पातळी आणि फिल्टरला लागणारी पातळी एक नसते. वीतभर पाण्याखाली वीतभर खड्डा असतो, पुढचं चाक त्यात गेलं की गाडीचं नाक खाली येतं आणि फिल्टर पाण्यात. पाण्यातून जरा वेगाने गेलास की बंपरसमोर लाट उभी राहते, ती साचलेल्या पाण्याहून बरीच उंच असते. समोरून बस किंवा टँकर आला तर त्याची लाट वेगळी. कल्याण-शीळ रस्त्यावर संध्याकाळी वाहतूक तुंबली असताना पाणी चढायला लागलं, तर पुढे जागा नाही आणि मागेही वळता येत नाही, अशी वेळ कुणावरही येते. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्या दिवशी अडकलेल्यांपैकी कुणीही सकाळी पाण्यात जायचं ठरवून घराबाहेर पडलं नव्हतं.

याचसाठी 'फक्त जोराचा पाऊस असेल तेव्हा' हा पर्याय माझ्या मते उपयोगाचा नाही. सकाळी ऊन असतं आणि संध्याकाळी महापेहून निघताना रस्ता पाण्याखाली असतो. तेव्हा तू कंपनीच्या पार्किंगमध्ये बंपर उघडून बसणार नाहीस. मधला मार्ग एक आहे. काही किटमध्ये पाइप दोन तुकड्यांत असतो. खालचा तुकडा काढून फिल्टर वर, बॉनेटखाली लावता येतो. हवा इंजिनाजवळची गरम मिळेल, म्हणजे 'कोल्ड' हा भाग संपला, पण आवाज राहतो आणि तोंड उंच येतं. तुझं किट तसं असेल तर हे चालेल. तरी तुझ्या घरातले तिघं ज्या गाडीतून घाट उतरतात तिला मी कंपनीचा बॉक्सच लावला असता.

एअरबॉक्स परत लावला म्हणजे पाण्यात जायचा परवाना मिळाला असं समजू नकोस. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं की थांब. वाहतं पाणी असेल तर त्याच्याही आधी थांब, फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला रस्त्यावरून ढकलून नेऊ शकतं. जावंच लागलं, तर पुढची गाडी बाहेर पडेपर्यंत वाट बघ, म्हणजे खोलीही कळते आणि तिची लाटही निवते. एसी बंद कर, नाहीतर रेडिएटरचा पंखा पाण्यात फिरत राहतो आणि पाणी इंजिनवर फेकतो. पहिला गिअर, चालण्याचा वेग, ॲक्सिलरेटर एकसारखा. सायलेन्सरमधून पाणी शिरेल म्हणून क्लच दाबून इंजिन ओरडवत नेण्याची सवय पुष्कळांना असते. त्याने इंजिनाची ओढ वाढते आणि फिल्टरजवळचं पाणी आणखी जोराने आत येतं. गाडीत ऑटो स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी सोय) असेल तर तेही आधीच बंद कर.

आता या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ही बाबांनाही वाचून दाखव. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. एकदाही नाही, 'बघू तरी' म्हणूनही नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या चालवलेल्यांना, म्हणजे बाबांच्या वयाच्या माणसांना, गाडी बंद पडली की दोन-चार वेळा सेल्फ मारायची सवय असते. तेव्हा बहुधा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग, ओला झालेला असायचा, वाळला की गाडी चालू व्हायची. आज पाण्यात बंद पडलेल्या गाडीच्या सिलेंडरमध्ये पाणी असू शकतं. मंद फेऱ्यांवर बंद पडलेलं इंजिन बऱ्याचदा धड असतं, आणि नंतर मारलेल्या सेल्फने रॉड वाकतो. म्हणून इग्निशन बंद, गिअर न्यूट्रल, सगळे उतरा, गाडी ढकलून उंच जागी न्या. धक्का मारून चालू करणं तर अजिबात नको, त्यात चाकं इंजिनाला जबरदस्तीने फिरवतात. पाणी अजून चढत असेल तर गाडीचा विचार सोड आणि माणसांना बाहेर काढ.

गाडी टो करून गॅरेजला गेली की मेकॅनिकने आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, मग फिल्टर आणि पाइप उघडून आत पाणी आहे का ते बघावं. असेल तर स्पार्क प्लग काढून क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने फिरवावं, पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर येतं. डीपस्टिकवर ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नये. हे काम दोन दिवसांत व्हायला हवं, सिलेंडरला आतून गंज लवकर धरतो. आणि पाणी काढल्यावर गाडी चालू झाली म्हणून तिथेच संपवू नकोस, चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजून घे. थोडासा वाकलेला रॉड लगेच आवाज करत नाही. तो काही आठवडे, कधी काही महिने चालतो आणि मग एक दिवस तुटून ब्लॉकला भोक पाडतो. त्या चाचणीचा खर्च नव्या इंजिनाच्या तुलनेत काहीच नाही.

विम्याचं आत्ताच बघून घे. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत इंजिनात पाणी जाऊन झालेलं नुकसान सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे वेगळं कव्हर लागतं. ते असलं तरी साचलेल्या पाण्यात सेल्फ मारून इंजिन घालवलं असं सर्व्हेअरला दिसलं, तर दावा अडतो. त्यात तुझा इनटेक कंपनीचा नाही आणि पॉलिसीत त्याची नोंद नाही, म्हणजे वादाला आणखी एक कारण. गाडी अडकलीच तर पाण्याच्या पातळीसह फोटो काढ, विमा कंपनीला कळव आणि सर्व्हेअर येईपर्यंत इंजिन उघडू देऊ नकोस.

चिपळूणला जाताना महाडला सावित्री, खेडला जगबुडी आणि पुढे वाशिष्ठी. या नद्या चढल्या की किती झपाट्याने चढतात हे तुझ्या गावच्या लोकांनी २२ जुलै २०२१ला पाहिलंय. निघण्याआधी गावी फोन करून पुलांची आणि रस्त्याची चौकशी कर. पाणी वाढत असेल तर माणगावला किंवा पोलादपूरला मुक्काम कर. आरतीला उशीर झाला तरी चालेल.

राहिला एअरबॉक्स. तो जपून ठेवला असशील तर बदलायला फार वेळ लागत नाही, फक्त लावून झाल्यावर स्वतः बॉनेट उघडून बघ. बॉक्सपासून पुढे बॉनेटच्या कडेपर्यंत जाणारी नळी जागेवर आहे का, तेच त्याचं उंचावरचं तोंड. गॅरेजवाले बॉक्स लावतात आणि ही नळी कोपऱ्यात विसरतात. झाकणाच्या सगळ्या क्लिपा बसल्यात का, ब्रीदरचा बारीक पाइप जोडलाय का, तळाचं भोक मातीने बुजलंय का, तेही तपास. आत नवा कागदी फिल्टर घाल. बॉक्स विकून टाकला असशील तर नळीसकट नवा किंवा जुन्या पार्टच्या बाजारातला चांगला बॉक्स मे महिन्यातच शोध. पाऊस सुरू झाला की सगळ्यांना तो एकदम आठवतो आणि मग मिळत नाही.